मुंबईच्या ट्रामचा नकाशा बघताना आधी साल विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की तुम्ही मुंबईच्या ट्रामचा नकाशा बनवताय, हाताशी तीन जुने नकाशे आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही जुळत नाही. एकात ट्रॅक दादरच्या पुढे जातो, एकात परळच्या आसपासच संपतो, आणि गिरगावातले तुमचे आजोबा म्हणतात की ट्राम आमच्या घराखालून गोवालिया टँकला जायची. तर यातलं खरं कुठलं, रूट एवढे बदलले का, आणि आज जमिनीवर काही सापडतं का.

आधी सरळ उत्तर देतो. तिन्ही नकाशे खरे असू शकतात आणि तुमचे आजोबाही बरोबर आहेत. मुंबईत ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला रात्री शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला गेली, म्हणजे जवळपास नव्वद वर्षं. एवढ्या काळात हे शहर कुठून कुठे गेलं! त्यामुळे साल न लिहिलेला ट्रामचा नकाशा माझ्या लेखी अर्धाच. मी रस्त्याखालच्या केबल आणि पाइपांच्या कामात सगळी नोकरी काढली, ट्रामचा नाद मला तिथूनच लागला कारण खोदकामात हे जुने रूळ आडवे यायचे आणि कुठे येतील ते आधी कळलेलं बरं असायचं. तर त्या अंगाने सांगतो.

सगळ्यात पहिलं म्हणजे ट्रॅक आणि रूट या दोन गोष्टी वेगळ्या धरा, बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ट्रॅक म्हणजे रस्त्यात गाडलेलं लोखंड, ते वर्षानुवर्षं हलत नाही. रूट म्हणजे गाडीच्या पाटीवर काय लिहिलंय, कुठून निघते आणि कुठे संपते, ते एका वेळापत्रकात बदलता येतं. एकाच ट्रॅकवरून तीन-चार रूट जाऊ शकतात आणि एखादा रूट बंद झाला तरी ट्रॅक तसाच राहून दुसऱ्या गाड्या चालू राहतात. त्यामुळे "अमुक साली तमुक ट्राम बंद झाली" असं कुठे वाचलंत की लगेच तो रस्ता नकाशातून पुसू नका.

आता सुरुवात. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांच्या ट्रामसाठी परवाना मिळवला होता, पण तिकडचं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतला पैसा एका झटक्यात आटला आणि ते काम कागदावरच राहिलं. मग १८७३ ला बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली, पुढच्या वर्षी बॉम्बे ट्रामवेज ॲक्ट आला आणि गाड्या धावल्या. पहिल्या दिवशीचे दोन मार्ग असे: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, आणि बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी. स्टर्न्स अँड किट्रेज म्हणून जी कंपनी हे चालवत होती तिच्या तबेल्यात ९०० च्या आसपास घोडे होते असं सांगतात. भाडं सुरुवातीला तीन आणे, तिकीट छापलेलंच नव्हतं, नंतर दोन आण्यांवर आलं. तेव्हाचे तीन आणे म्हणजे मजुराला परवडणारी गोष्ट नाही हो. ही गाडी पेढीवरच्या, ऑफिसातल्या माणसासाठी होती.

या दोन मार्गांकडे जरा थांबून बघा, कारण पुढच्या सगळ्या बदलांची किल्ली इथे आहे. कुलाबाच का? कारण तेव्हा कापसाचा सगळा व्यवहार कुलाब्याला होता, गासड्या तिथे यायच्या, बीबीसीआय रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं, टर्मिनसही तिथेच. पायधुणी का? कारण नेटिव्ह टाउनचा, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या देशी वस्तीचा, बाजार तिथून सुरू होतो, कापड, तांबा-पितळ, दागिने, सगळं. म्हणजे एका टोकाला माल आणि दुसऱ्या टोकाला बाजार. आणि मधल्या भागात ट्रॅक टाकायला मोकळी जागा मिळाली ती किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रियर साहेबाच्या काळात पाडल्या म्हणून, नाहीतर वेशीतून आणि खंदकावरून दोन रूळ कसे नेणार? आणखी एक, १८७४ च्या नकाशात बोरीबंदर स्टेशन आहे पण आजची व्हीटीची इमारत नाही, ती १८८८ ची. तुमच्या एखाद्या नकाशात ट्रॅकसोबत व्हीटीचा घुमट दाखवला असेल तर तो पहिल्या दिवसांचा नकाशा नाहीच.

विजेची ट्राम आपल्याकडे तशी उशिराच आली. मद्रासला १८९५, कलकत्त्याला १९०२, आपल्याकडे ७ मे १९०७. ट्रामवे कंपनीने १८९९ ला परवानगी मागितली होती, पण बोलणी, परवाने, कोण चालवणार यात वर्षं गेली. शेवटी १९०५ मध्ये करार झाला, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, म्हणजेच आपली बेस्ट, आणि तिने जुन्या कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. लोकांना वाटतं बेस्ट म्हणजे बस आणि जोडीला वीज, पण मुळात ती वीज आणि ट्राम अशीच जन्मली, एकाच परवान्यात. वाडीबंदरला वीजघर आलं १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये, ट्राम पुढे दीड वर्षाने. खोपोलीची टाटांची जलविद्युत तर १९१५ ची. हे सांगायचं कारण, विजेच्या ट्रामचे फाटे वाटेल तिथे टाकता येत नाहीत, जिथे फीडर केबल, म्हणजे वीजघराकडून तारेला वीज पुरवणारी केबल, पोचते तिथेच गाडीला ताकद मिळते, आणि वीजघरापासून लांब गेलात की व्होल्टेज पडतं, मग मध्ये सबस्टेशन बांधा. कुठली लाइन आधी आली आणि कुठली मागून याला रस्त्याइतकंच हेही कारण असतं, नकाशावाले ते विसरतात.

ट्रॅकबद्दल थोडं जास्त लिहितो, माझा विषय आहे म्हणून आणि तुम्हाला जमिनीवर शोधायचंय म्हणूनही. ट्रामचा रूळ रेल्वेसारखा नसतो. त्याच्या डोक्यावर एका बाजूला लांब खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून जाते, त्यामुळे रूळ रस्त्याच्या बरोबर लेव्हलला बसतो आणि त्यावरून बैलगाडी, व्हिक्टोरिया घोडागाडी, माणूस, सगळे जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे घडीव ठोकळे घट्ट बसवलेले असतात, कारण नुसती खडी-माती टाकली तर चाकाच्या दणक्याने आठवड्यात रूळ उघडा पडेल. त्या खाचेत काय नाही जमायचं, माती, शेण, पाला, पावसात गाळ, आणि ती साफ ठेवायला माणसं लागायची. सायकलवाल्यांचं पुढचं चाक नेमकं त्यात जायचं, जुन्या गिरगावकराला विचारा, गुडघा फोडून घेतलेला कोणीतरी घरात निघतोच.

वर तार एकच. तारेतून करंट गाडीत येतो, मोटर फिरवतो आणि चाकावाटे रुळात उतरून परत वीजघराकडे जातो, साधारण ५०० ते ६०० व्होल्ट डीसी, तेव्हा जगभर हाच प्रकार होता. म्हणून रुळाच्या प्रत्येक जोडाला तांब्याची जाड पट्टी किंवा तार बांधावी लागते, नाहीतर जोड सैल झाला की करंट रुळ सोडून शेजारच्या जमिनीत शिरतो, ओल्या मातीतून जातो, पाण्याची बिडाची पाइप सापडली की तिच्यात घुसतो आणि पुढे जिथून बाहेर पडतो तिथे पाइप बाहेरून खाऊन टाकतो. ट्राम असलेल्या अनेक शहरांत पाणीखातं आणि ट्राम कंपनी यांची या एका गोष्टीवरून भांडणं झालेली आहेत. मुंबईची जमीन भरावाची, समुद्राचं खारं पाणी खाली, म्हणजे करंट पळायला उत्तम जागा. ही गोष्ट मी पाइपवाल्यांच्या बाजूने बघत आलोय, त्यामुळे ट्रामवर प्रेम असूनही सांगतो की ट्रॅक नीट राखणं हे अतिशय खर्चिक काम आहे, आणि पुढे ट्राम का गेली याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता रूट का बदलले. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाट वस्त्या कापून नवे रस्ते काढायला सुरुवात झाली. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, १९१० चा. त्याआधी त्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम जायचं तर बहुतेक गल्ल्यांतून, ट्राम न्यायची सोयच नव्हती. नवा रुंद रस्ता मिळाला की त्यावर ट्राम, हे सूत्र पुढे काही वर्षं चाललं. ट्रस्टने उत्तरेला दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, मध्यमवर्गाला गिरगावच्या चाळीतून तिकडे जागा दिसायला लागली, आणि ट्रामही भायखळा, लालबाग, परळ करत वर सरकली. आज आपण ज्याला डॉ. आंबेडकर रोड म्हणतो त्याच्या दादर ते किंग्ज सर्कल या भागाची रुंदी बघा, मधला दुभाजक बघा, त्या ऐसपैस जागेतून ट्राम जायची. रस्ता आखतानाच जागा सोडलेली होती, काळबादेवीसारखं नंतर कोंबलेलं नाही. तुमच्या ज्या नकाशात ट्रॅक परळशी संपतो आणि ज्यात दादरच्या पुढे जातो त्या दोघांमधला फरक म्हणजे हीच मधली वर्षं.

आणि मध्ये गिरणगाव. लालबाग-परळच्या गिरण्यांची शिफ्ट सुटली की काय होत असेल याची कल्पना करा. सप्टेंबर १९२० मध्ये डबल डेकर ट्राम आल्या त्या हौसेसाठी नाही, गर्दीसाठी. तेवढ्याच ट्रॅकवर, तेवढ्याच तारेखाली माणसं जास्त न्यायची तर वरच चढवायला लागतात. जुनी माणसं एका आण्याच्या तिकिटाच्या आठवणी सांगतात, त्यात गाडी बदलून दुसऱ्या दिशेलाही जाता यायचं म्हणे, आणि कंडक्टर टर्मिनसला उतरून दोरीने तो वरचा लांब दांडा फिरवून उलट्या बाजूच्या तारेला लावायचा हे तर सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असतं. ट्रामने ज्याला खऱ्या अर्थाने शहर दिलं तो हा एका आण्याच्या तिकिटाचा प्रवासी, तीन आण्यांच्या काळातला पेढीवाला नव्हे.

गिरगावचं तुमच्या आजोबांचं बरोबर आहे असं म्हटलं ते यासाठी की धोबी तलावाकडून गिरगाव रोडने वर, ठाकुरद्वार, प्रार्थना समाज करत जाणारी ट्राम ही या शहरातली सगळ्यात ओळखीची लाइन, आणि गोवालिया टँक, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानाजवळ, ट्रामचं टोक होतं. तुमच्या नकाशात ते नसेल तर नकाशा त्याआधीचा आहे किंवा बनवणाऱ्याने फक्त मुख्य रेषा काढल्यात.

मग उतार कसा लागला? लोक १९६४ च्या आधीची पाच-सात वर्षं धरतात, मला वाटतं त्याची बीजं १९२० च्या दशकातच पडली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल सुरू झाली, १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली. दादरहून फोर्टला यायला लोकल असताना ट्रामने कोण येणार, जो मधल्या स्टॉपवर उतरणार तोच. त्याच दशकात कापसाचा व्यवहार कुलाब्यातून शिवडीला कॉटन ग्रीनला गेला, १९३० च्या डिसेंबरअखेर कुलाबा स्टेशनही बंद झालं. ज्या टोकासाठी १८७४ ला ट्राम निघाली होती त्या टोकाचा जोरच गेला! आणि १५ जुलै १९२६ ला बेस्टची पहिली बस निघाली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. हा रूट नीट बघा. अर्ध्याहून जास्त रस्ता ट्रामचाच आहे, पण अफगाण चर्च कुलाब्याच्या आणखी खाली, जिथे ट्रॅक नव्हता. एका दगडाचीही खोदाई न करता कंपनीने आपलीच सेवा लांबवली. त्या दिवसापासून ट्रामचा नवा फाटा टाकायचा की बस सोडायची हा हिशेब दर वेळी बसच्या बाजूने झुकत गेला. मरीन ड्राइव्ह तयार झाला तेव्हा इतका सुंदर रुंद रस्ता असून त्यावर ट्राम आली नाही, ती यामुळेच असं माझं मत आहे.

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, पालिकेने कंपनी ताब्यात घेतली. तेव्हा बेस्टच्या २४२ बस २३ मार्गांवर होत्या. नावातला ट्रामवेज जाऊन ट्रान्सपोर्ट आला. पण खरा घाव मुंबईच्या हद्दीने घातला, हे फार कमी लोक बोलतात. १९५० ला शहराची हद्द अंधेरीपर्यंत गेली, १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. ट्रामने माहीमची खाडी कधीच ओलांडली नाही, तिचं सगळं जग बेटावरच. नव्या पालिकेला निम्मं शहर जिथे ट्राम नाही तिथे सेवा द्यायची होती, मतदार तिकडे, वस्ती तिकडे, पैसा मर्यादित. जुने रूळ, जुन्या गाड्या, रस्त्याच्या मधोमध थांबणारी ट्राम आणि तिच्यात चढायला चालत्या मोटारींतून वाट काढणारे पॅसेंजर, हे सगळं होतंच, पण ट्रॅक नव्याने टाकायचा खर्च बेटावर करायचा की बस घेऊन उपनगरात सोडायच्या, याचं उत्तर तेव्हाच्या अधिकाऱ्यांना अवघड वाटलं नसावं. मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच की दादर ते किंग्ज सर्कलसारखा स्वतंत्र जागेतला ट्रॅकही त्याच हिशेबात गेला. काळबादेवीतली ट्राम जाणारच होती, ती वाचवता आली नसती. पण तिकडची ठेवायला हवी होती, असं मी आजही ठामपणे म्हणतो, कारण रस्त्यात राखीव जागा पुन्हा मिळत नाही.

मध्ये एक प्रयोग झाला तो नकाशाची तारीख ओळखायला तुम्हाला उपयोगी पडेल. जून १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू झाली. रबरी टायरची बस पण वरून वीज घेणारी. रूळ नसल्यामुळे करंट परत न्यायला जागा नाही म्हणून तिला वर दोन तारा लागतात. जुन्या फोटोत रस्त्यावर जोडीने दोन तारा अगदी जवळजवळ दिसल्या आणि खाली रूळ नसले तर ती ट्राम नव्हे, ट्रॉलीबस, आणि फोटो १९६२ ते १९७१ मधला, कारण ७१ ला तीही बंद झाली. असले फोटो नेटवर सर्रास "मुंबईची ट्राम" म्हणून फिरतात.

जमिनीवर काय सापडेल? बऱ्याच ठिकाणी रूळ उपटले नाहीत, वरून डांबर ओढलं. २०१७-१८ च्या सुमारास हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी खाली रूळ आणि दगडी ठोकळे निघाले, पेपरात सगळीकडे फोटो आले होते. मला त्यात नवल वाटलं नाही, पण लोकांनी थांबून बघितलं त्याचं फार बरं वाटलं. आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे आधी जा. सीएसएमटीसमोर भाटिया बागेत जी ट्राम उभी आहे ती कोलकात्याहून आणलेली आहे, तिचा डबा मोजून मुंबईच्या ट्रामची मापं काढू नका, एका विद्यार्थ्याने तसं केलेलं मी बघितलंय.

दादर टीटीमधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे तुम्हाला माहीत असेलच. तिथे खोदादाद सर्कलला उभं राहून रस्त्याची रुंदी कुठे अचानक वाढते ते बघा. टर्मिनसला गाड्या वळवायला, उभ्या करायला जास्त जागा लागते, ट्राम गेली तरी ती रुंदी राहते आणि पुढे बसस्टॉप, टॅक्सी स्टँड तिथेच बसतात. तसंच वळणं बघा. मोटारीसाठी कोपरा काटकोनात चालतो, ट्रामला नाही, तिला मोठ्या त्रिज्येचा वळसा लागतो, त्यासाठी कोपऱ्यावरच्या इमारती थोड्या मागे घेतलेल्या असतात. भायखळ्यापासून दादरपर्यंत रविवारी सकाळी लवकर पायी चालत जा, हातात तिन्ही नकाशे घ्या, असे कोपरे टिपत जा.

नकाशा काढताना प्रत्येक तुकड्यावर दोन सालं लिहा, ट्रॅक पहिल्यांदा कधी दिसतो आणि शेवटचा कधी. एकच साल मिळालं तर तेवढंच लिहा आणि रेषा तुटक ठेवा. घोड्यांचा काळ, १९०७ नंतरचा काळ आणि १९४७ नंतरचा काळ, असे तीन वेगळे कागद करा, एकावर एक ठेवून बघा, मग तुमचे ते तीन नकाशे आपोआप आपापल्या जागी बसतील. आजोबांना बसवून विचारा ती ट्राम कुठल्या बाजूने वळायची आणि स्टॉप कुठल्या दुकानासमोर होता. दुकानाचं नाव मिळालं तर मला कळवा, त्या भागातल्या जुन्या पाइपलाइनच्या नकाशांवर दुकानं लिहिलेली असतात, मी ताडून बघेन.